मुलीला सायकल घेऊन द्यावी का?

शाळा सुरू झाल्या. वह्यांना कव्हरं घालून झाली, मागच्या वर्षीचा रेनकोट पुरतो की आखूड झाला तेही बघून झालं, आणि 'डब्यात आज काय?' हा सनातन प्रश्न पुन्हा ओट्यावर येऊन बसला. या महिन्याच्या टपालात मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आला आहे. तीन-चार जणींनी आपापल्या शब्दांत तोच विचारला आहे. त्यांतल्या एका भगिनीचं पत्र थोडक्यात देते.

"मुलगी यंदा सातवीत गेली. शाळा घरापासून दोन किलोमीटर. सायकलसाठी हट्ट धरून बसली आहे. दादाला पाचवीत मिळाली, मला का नाही, म्हणते. हे म्हणतात, रस्त्यावर वाहनं किती झालीत बघतेस ना! सासूबाई म्हणतात, मुलीची जात, काही झालं तर निस्तरणार कोण? सध्या मीच स्कूटरवरून सोडते-आणते. सायकल द्यावी की नाही, तुम्हीच सांगा."

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. द्यावी. जरूर द्यावी. पण बाजारातून सायकल आणून दारात उभी केली म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नये. सायकलीबरोबर तिला चालवायला रस्ताही मिळवून द्यावा लागतो, आणि ते काम एकटीदुकटीचं नाही. आज या दोन्हींबद्दल लिहिते.

दोन किलोमीटरचा हिशेब

आधी आपल्याकडचा जमाखर्च मांडू. शाळा दोन किलोमीटर. सकाळी सोडून घरी आलात की चार झाले. दुपारी आणायला गेलात की आणखी चार. दिवसाचे आठ. शाळेचे दिवस वर्षाला दोनशेच धरले तरी १६०० किलोमीटर होतात. मुंबईहून निघून जवळजवळ हरिद्वार गाठलंत म्हणा ना! आणि तेही गॅसवरची भाजी अर्धवट उतरवून, ओले केस तसेच बांधून. गंगास्नानाचं पुण्य मात्र पदरात नाही.

पेट्रोलचा खर्च तुम्हाला ठाऊकच आहे. जो खर्च वहीत लिहिला जात नाही तो आपल्या वेळेचा. शिवणाचा क्लास, एखादी अर्धवेळ नोकरी, नाहीतर नुसती दुपारची डुलकी, सगळं त्या सोडण्या-आणण्याभोवती बांधलेलं असतं. आणि मुलीच्या बाजूने बघा. बारा वर्षांची मुलगी गावात कुठेही एकटी जाऊ शकत नाही. ग्रंथालयात जायचं तर आई मोकळी हवी, मैत्रिणीकडे जायचं तर बाबांची गाडी हवी.

आणखी एक गंमत बघा. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभं राहून मोजा. वीस-पंचवीस स्कूटर, चार-सहा रिक्षा, दोन-चार मोटारी, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या. मुलांना धोका नको म्हणून आलेली ही वाहनंच त्या अर्ध्या तासात चालत जाणाऱ्या पोराला पाय ठेवायला जागा देत नाहीत. रस्ता धोक्याचा म्हणून आपण मूल गाडीवर घालतो, आणि त्या गाडीने रस्ता आणखी धोक्याचा होतो. हे चक्र कुठेतरी थांबवायला हवं, नाही का?

थांबतं कोण?

मी राहते भंडारदऱ्याला. तुम्ही म्हणाल, तिथे कसली आली रहदारी! धरण, डोंगर, धबधबे, हवा खायला लोक तिकडे जातात. अगदी खरं. १९२६ साली पुरं झालेलं प्रवरेवरचं विल्सन धरण, पलीकडे रतनगड, अलीकडे कळसूबाई, खाली रंधा धबधबा. एरवी मंगळवार-बुधवारी आमच्या शेंडी गावच्या रस्त्यावर शेळ्या बसलेल्या असतात. पण मे महिन्याच्या अखेरीस काजवे चमकू लागले, की मुंबई-पुणे-नाशिकच्या मोटारींची रात्रीपर्यंत रांग लागते. अंधारात चमकणारा जीव तो, आणि त्याला बघायला दिवे पाजळत जायचं! वनखात्याला त्यासाठी नियम घालावे लागतात. मग पाऊस लागला की धबधब्यांसाठी शनिवार-रविवारी पुन्हा तेच. रस्ता एकच, अरुंद, वळणावळणाचा. आदिवासी पाड्यांवरची मुलं त्याच रस्त्याने शाळेत, बाजारात, गिरणीवर जातात. फूटपाथ तर सोडाच, साइडपट्टीसुद्धा पावसात वाहून गेलेली असते.

मागच्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी रविवारी दळण घेऊन सायकलवरून येत होती. पुढच्या गाडीला वळणावरच ओलांडायच्या नादात एका मोटारीने तिला इतकं कडेला दाबलं, की ती सायकलसकट चरात गेली. कोपर फुटलं, पीठ चिखलात सांडलं. मोटार थांबलीसुद्धा नाही. थोडक्यात निभावलं म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले. आणि त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी सायकल उचलून पडवीच्या आढ्याला टांगून ठेवली.

मैत्रिणींनो, मला सगळ्यांत जास्त हे टांगणं लागलं. त्या वडिलांना दोष नाही, काळजीपोटीच केलं त्यांनी. पण बघा, चूक केली गाडीवाल्याने. त्याचं काय थांबलं? काही नाही. पुढच्या रविवारी तो आणखी कुठे फिरायला गेला असेल. थांबलं ते मुलीचं फिरणं. आपल्याकडे हे असंच चालत आलं आहे. रस्ता वाईट, म्हणून मुलीने बाहेर पडू नये. दिवे नाहीत, म्हणून सातच्या आत घरात. गाड्या भरधाव येतात, म्हणून सायकल नको. धोका दुसरा निर्माण करतो आणि कुलूप मात्र आपल्या दाराला लागतं.

या मुलीच्या आईने पंधरा दिवसांनी सायकल खाली काढली. सुटीच्या दिवशी हमरस्त्याने एकटीने जायचं नाही, चौघीजणींनी मिळून जायचं, अंधाराच्या आत परतायचं, आणि मागच्या मडगार्डला लाल चकाकणारी काच लावायची, अशा अटी घातल्या. अटी पुन्हा मुलीलाच, हे मला खटकतंच. म्हणून आम्ही पाचसहा बायकांनी वळणापाशी गतिरोधक आणि पांढरे पट्टे हवेत, असा लेखी अर्जही दिला आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल. दर महिन्याला विचारायला जायचं ठरवलं आहे.

वेग म्हणजे किती?

आमच्या शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. गणिताशी माझं फारसं जमत नाही, पण आमच्या गणिताच्या बाईंनी एकदा फळ्यावर मांडून दाखवलं ते इतकं सोपं आहे की तुम्हीही घरी मुलांना दाखवू शकाल. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. ताशी ५४ ने जाणारी १५ मीटर. ताशी ७२ ने जाणारी २० मीटर. समोर मूल आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर तरी जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच ७२ च्या वेगाची गाडी एका मोठ्या वर्गखोलीच्या दुप्पट पुढे आलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं.

म्हणून वस्तीत, शाळेपाशी, बाजारात गाडी हळू चालणं हाच खरा उपाय. मुलांना 'नीट बघून चाल' म्हणणं योग्यच, पण चेंडूमागे धावणारं पोर कधीतरी न बघता धावणारच. ते पोर आहे. जाणत्याने आवरायचं असतं.

आकडे सांगून भीती घालायची मला हौस नाही. पण एवढं कळलेलं बरं, की २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. महाराष्ट्रातली एकूण १५,२२४. एवढी माणसं एखाद्या साथीत गेली असती, तर आपण घरोघर पाणी उकळलं असतं, लशी टोचून घेतल्या असत्या. रस्त्याचं मात्र 'नशीब' म्हणून सोडून देतो.

सायकलींचं शहर

नुसत्या सायकली देऊन का भागत नाही, ते पुण्याकडे बघून कळतं. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. आमच्या एक मावशी १९७० च्या सुमारास सदाशिव पेठेतून कॅम्पातल्या कचेरीत सायकलने जात. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, कॅरिअरला डबा. त्यांना कुणी धीट म्हणत नसे, कारण त्यांच्यासारख्या कितीतरी जणी असत. मग १९७२ साली पुण्यातच लूना आली, स्कूटर आल्या, मोटारी आल्या. सोय झाली हे कोण नाकारील? पण रस्ते रुंद करताना फूटपाथ कापले गेले आणि सायकलवाला कडेच्या गटाराच्या जाळीवर ढकलला गेला. बायकांनी सायकल सोडली असं आपण म्हणतो. सोडली नाही हो, रस्त्याने ती सोडायला लावली.

गर्दी कमी व्हावी म्हणून पूल बांधले. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडावेही लागले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्यात आठशेच्या वर किलोमीटर सायकलमार्गांचं जाळं योजलं होतं. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. लोकांनी हौसेने चालवल्या. पण अखंड, सुरक्षित मार्ग नव्हते, आणि दोनेक वर्षांत त्या सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या.

चांगलंही सांगायला हवं. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केला, बसायला बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली. तिथे आता आजीआजोबा निवांत बसलेले दिसतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रोडचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. लक्ष्मी रोडवर खरेदीला गेलेल्या बाईला विचारा, एका हाताला पिशव्या, एका हाताला मूल, आणि मागून हॉर्न नाही, हे सुख काय असतं!

आणि पर्यटनाच्या गावाला गाड्या नसल्या तर धंदा बुडतो, असं म्हणणाऱ्यांना मी माथेरान दाखवते. तिथे बाहेरची मोटार दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते. पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने जायचं. म्हणून काय माथेरानला जायचं कुणी थांबलं आहे?

आयांनी काय केलं

हॉलंड म्हटलं की आपल्याला ट्यूलिपची फुलं आणि सायकली आठवतात. वाटतं, त्या लोकांची सवयच तशी. पण तिथेही १९५० नंतर मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ या एका वर्षात त्या एवढ्याशा देशात जवळजवळ ३३०० माणसं रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलने शाळेत जाताना गेली. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्च्ये व्हान पुटन या तरुण आई होत्या, पुढे त्या युरोपच्या संसदेवर निवडून गेल्या.

या मंडळींनी केलं काय? रस्ते अडवले, रस्त्याच्या मधोमध जेवणाची टेबलं मांडली, मुलांना तिथे खेळू दिलं, मंत्र्यांच्या घरापर्यंत सायकली नेल्या. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोकांना शांत रस्ता पुन्हा बघायला मिळाला. १९७६ पर्यंत कायद्यात अशा निवासी गल्ल्यांची तरतूद झाली, की जिथे मोटारीने पायी चालणाऱ्याच्या चालीने जायचं आणि खेळणाऱ्या मुलांना वाट द्यायची. आज तिथे मुलं एकेकटी सायकलने शाळेत जातात, ती सवयीने नाही, आईबापांनी मागून घेतलं म्हणून.

'हे परदेशात ठीक आहे' असं कुणी म्हणेल, म्हणून आपल्याच देशातलं सांगते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम निघाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिच्यात सायकल शिकण्याची भर घातली. दगडखाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका सायकल शिकल्या. लोकांनी नावं ठेवली, घाणेरडं बोलले. बायका शिकतच राहिल्या आणि थोड्याच काळात शिकलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. वर म्हणाल्या, बरंच झालं, मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! पाण्याच्या घागरी, बाजारातला माल, लेकरं, सगळं सायकलवर. बसची वाट बघणं संपलं, नवऱ्याची वाट बघणं संपलं.

'मुलीची जात' म्हणणाऱ्या सासूबाईंना ही गोष्ट जरूर सांगा. एक बाई सायकलवर दिसली की लोक बघतात. शंभर दिसल्या की बघत नाहीत.

सायकल घेताना

आता कामाच्या गोष्टी.

१. कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो, तशी सायकल घेऊ नये. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. पुढे मूल उंच झालं की सीट वर करता येते.

२. दोन्ही ब्रेक घट्ट हवेत. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाक फिरता कामा नये. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थोडं आधीपासून हळूहळू दाबायला शिकवा.

३. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. ओढणी, पदर, रेनकोटाचे बंद यांनीच घात होतो. ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ मारावी.

४. दप्तर हँडलला लटकवू नये, तोल जातो. कॅरिअरला बांधावं किंवा पुढे बास्केट लावावी.

५. मागे लाल आणि पुढे पांढरी चकाकणारी काच, आणि संध्याकाळी दिवा. पावसाळी रेनकोट निळा-काळा न घेता पिवळा किंवा केशरी घ्यावा. छत्री धरून सायकल कधीही नाही.

६. डोक्याच्या मापाचं हेल्मेट घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून.

७. पंधरा दिवसांनी चेन कोरड्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडावेत. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. पावसात भिजल्यावर पुसून ठेवली तर गंज चढत नाही.

८. चाकातली हवा दर आठवड्याला अंगठ्याने दाबून बघावी. घरात छोटा पंप असू द्या.

सायकल आली की पहिल्याच दिवशी शाळेला धाडू नका. एका रविवारी सकाळी तिच्याबरोबर तो रस्ता पायी चाला. कुठे खड्डा, कुठे भटकी कुत्री, कुठे रिक्षा अचानक वळतात, तिलाच सांगायला लावा. मग दोन-तीन रविवार सायकलने. तीन गोष्टी मात्र पाढ्यासारख्या पाठ करून घ्या. उभ्या मोटारीपासून दोन हात लांबून जायचं, कारण दार कधीही उघडतं. ट्रक किंवा बस वळत असेल तर तिच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसतच नाही. आणि मोठा चौक असेल तर सरळ उतरून, सायकल हातात धरून ओलांडायचा. त्यात कमीपणा काही नाही.

एक अर्थसाहाय्यही लक्षात ठेवा. मानव विकास कार्यक्रमात घेतलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना राज्य सरकारकडून सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमच्या तालुक्याला ते लागू आहे का, शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. घरी काम करणाऱ्या बाईंच्या मुलीसाठीही विचारा.

आणि 'सायकल कशाला, स्कूटीच देऊ' असं घरात कुणी म्हणालं, तर २०१९ मध्ये बदललेला कायदा वाचून दाखवा. अल्पवयीन मुलाने परवाना नसताना गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ₹२५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रस्ता मागताना

'आपलं कोण ऐकतं?' हे वाक्य आधी माळ्यावर टाका. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या प्रभागात नगरसेविका असेल तर तिच्याकडे हळदीकुंकवाला जाता, तसं या कामासाठीही जा. गावात असाल तर ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथे हा विषय लिहून द्या. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे, की चालायला नीट फूटपाथ असणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. तेव्हा आपण मेहेरबानी मागत नाही.

मागताना 'रस्ता सुधारा' असं मोघम लिहू नये. त्यावर मोघमच उत्तर येतं. चौघीजणी मिळून शाळेच्या वेळी अर्धा तास उभ्या राहा आणि वहीत टिपा. मुलं नेमकी कुठे ओलांडतात, तिथे पट्टे आहेत का, दिवा कुठे बंद आहे, फूटपाथ कुठे तुटला, कुणी अडवला. मग अर्जात तीन-चारच नेमक्या मागण्या लिहा. फाटकासमोर झेब्रा पट्टे आणि दोन्ही बाजूंना पांढरे रंगवलेले गतिरोधक. शाळा भरताना-सुटताना अर्धा तास फाटकासमोर गाड्यांना मज्जाव, सोडायला येणाऱ्यांनी शंभर पावलं अलीकडे थांबायचं. फूटपाथ सलग आणि मोकळा, निदान सहा फूट रुंद, आणि त्याची उंची सहा इंचांहून जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं त्यावर चढणार कशी? अर्जाची एक प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे मीठ न घातलेलं लोणचं, चार दिवसांत नासतो. महिन्याने त्या तारखेचा हवाला देऊन पुन्हा विचारा.

यातलं एक काम कुणाच्याही परवानगीशिवाय उद्यापासून होण्यासारखं आहे. एका गल्लीतल्या चार-पाच मुलांनी मिळून जायचं, चालत असो की सायकलने, आणि सुरुवातीला एकेका आईने पाळीपाळीने त्यांच्याबरोबर जायचं. पाच स्कूटर फाटकावरून कमी होतील, आणि प्रत्येकीला आठवड्यातून चार दिवस सकाळ मोकळी मिळेल. आणि सुटीत आमच्या भागात फिरायला आलात तर जरूर या, स्वागत आहे. वस्ती लागली की यजमानांना एवढं सांगा, "अहो, जरा हळू घ्या, समोर पोरं आहेत."

तुमच्या गावात कुणी शाळेपुढचा रस्ता असा मागून घेतला असेल, तर काय मागितलं, कुणाकडे गेलात आणि किती दिवस लागले, हे मला सविस्तर कळवा. उपयोगी पत्रं याच पानावर देईन.

पुढच्या आठवड्यात: पावसाळ्यात रवा, बेसन आणि मसाल्यांना जाळी लागू नये म्हणून काय करावं.